हिरवा दिला

राघो गेल्याची बातमी मला न्हाव्याकडे कळली. कर्जतच्या बाजारात देवळासमोरच्या पारावर आमचा न्हावी बसतो. माझी अर्धी हजामत झाली होती, मान खाली होती, तेवढ्यात पळसदरीकडून लाकडाची मोळी घेऊन आलेला एक जण पाराला टेकला आणि म्हणाला, "हिरव्या गेला." न्हाव्याने वस्तरा थांबवला नाही. "कुणी हिरवा दाखवला रं त्याला?" असे त्याने विचारले आणि पारावर बसलेली माणसे हसली. मीही हसलो. मान खाली असल्यामुळे ते कोणाला दिसले नाही, पण न्हाव्याच्या बोटांना कळले असावे. तो म्हणाला, "हलू नका मास्तर, लागंल."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्या दिवशी मी का हसलो, याचा विचार करताना लक्षात आले की ते हसू जुन्या सवयीचे होते. हिरव्या हे नाव त्या माणसाला मी ठेवले होते. त्याचे खरे नाव राघो. आणि 'हिरवा दाखवणे' हा शब्द आमच्या कर्जत-खालापूरच्या बाजारात ज्या अर्थाने चालतो, म्हणजे एखाद्याला विश्वासाने पुढे पाठवून मारणे, तो अर्थही पहिल्यांदा माझ्याच तोंडून बाहेर पडला. मुलगी वाईट घरी पडली की बाप म्हणतो, पोरीला मी हिरवा दाखवला. आंधळा बैल विकून आलेला माणूस म्हणतो, हिरवा दाखवून आलो. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे कुठून आले ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि ते लिहून ठेवणारा माझ्याखेरीज आता कोणी उरलेला नाही.

मी कर्जत स्टेशनात तारमास्तर होतो. घाट चढणाऱ्या गाडीला येथे मागून दुसरे इंजिन लागते, त्यामुळे गाव लहान असले तरी स्टेशन गजबजलेले असे, आणि साहेब लोकांचे येणेजाणे नेहमीचे. मला इंग्रजी येत असे. म्हणजे मला येते असा माझा समज होता, आणि घाटातल्या रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये हा समज नसलेला एकच माणूस होता, तो राघो. डोंगराच्या पायथ्याच्या गावचा कुणबी. आईबाप लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, महादूला, त्यानेच वाढवले आणि पुढे खडीच्या गाडीवर त्यानेच चिकटवून दिले. मेलेल्या माणसाला संत करण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मी येथे पाळणार नाही. राघो नम्र नव्हता. मोहाची घेऊन गात असे, पत्त्यांत लबाडी करीत असे, आणि पकडला गेला की समोरच्यालाच लबाड म्हणे. नावे ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुकादमाला तो घोरपड म्हणे, का, तर एकदा चिकटला की सुटत नाही.

त्याच्या हातात झेंडी आणि कंदील असे. आजच्या वाचकांना सांगितले पाहिजे की त्या काळी रेल्वेत रंगांचे अर्थ आजच्यासारखे नव्हते. पांढरा म्हणजे वाट मोकळी, चल. हिरवा म्हणजे पुढे काही कच्चे आहे, हळू ये. लाल म्हणजे थांब. हातकंदिलात तिन्ही रंगांच्या काचा असत, कळ फिरवली की रंग बदले. गँगवर नवा माणूस आला की राघो त्याला स्वतःच्या भाषेत शिकवी. "पांढरा म्हंजे दूध, प्या नि जा. लाल म्हंजे रगत. आन् हिरवा म्हंजे शेवाळ. शेवाळावर पाय कसा टाकतोस? तसं." घाटातल्या कातळावरून पावसाचे चार महिने अनवाणी चालणाऱ्या माणसाला हे एकदा सांगितले की पुरत असे. हिरवा म्हणजे शेवाळ, हे त्या माणसांच्या डोक्यात नव्हते, तळपायात होते.

आमच्यात बिनसले ते मात्र वेगळ्याच रंगावरून. एका सकाळी इंजिनियरसाहेब मला दुभाष्या म्हणून बरोबर घेऊन घाटात आला आणि ट्रॉलीवरून उतरेचना. मुकादमाने मला विचारायला लावले. साहेब कंटाळल्या तोंडाने म्हणाला की आज मी ब्लू आहे. मी मागे वळलो आणि सगळ्या गँगला मोठ्या रुबाबात सांगितले, "साहेब म्हणतात, आज ते निळे आहेत."

"निळं?" राघो म्हणाला. "मंग जनावर चावलं आसंल. बांधा रं पाय." आणि खरोखरच तो दोरी घेऊन धावला आणि साहेबाच्या घोट्याला गाठ मारू लागला. साहेबाने आधी लाथ उगारली, मग प्रकार समजल्यावर इतका हसला की त्याची उदासी गेली. ब्लू म्हणजे उदास, हे मला त्या दिवशी समजले, सगळ्यांसमोर समजले. शब्द आणला होता, अर्थ वाटेत सांडला होता. राघोने माझे नाव निळोबा ठेवले. घाटातून ते स्टेशनात आले, स्टेशनातून बाजारात, आणि एक दिवस माझ्या घरी दूध घालणारी बाई माझ्या बायकोला म्हणाली, "निळोबांच्या घरचं पातेलं द्या." बायकोने पातेले दिले आणि दार लावून घेतले... आज हे लिहिताना क्षुल्लक वाटते. तेव्हा मी पन्नाशीच्या घरात होतो आणि मला ते क्षुल्लक वाटत नव्हते.

प्लेग यायच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. नवा नियम आला. पांढरा रंग बंद झाला, कारण म्हणे कोणाच्या घरातला साधा दिवाही लांबून पांढराच दिसतो, आणि लाल काच फुटली तर धोक्याचा दिवादेखील पांढरा दिसतो. आता हिरवा म्हणजे चल. हळू यायला सांगायचे असेल तर तोच हिरवा हातात धरून सावकाश खालीवर हलवायचा. स्थिर हिरवा, चल. हलता हिरवा, हळू. साहेबाने स्टेशनच्या पडवीत आम्हाला स्वतः करून दाखवले आणि घाटातल्या गँगना मराठीत समजावून ये म्हणून मला पाठवले.

मी गेलो. पाऊस होता, गँग झोपडीत चिलीम ओढत बसली होती. मी दारात उभा राहून छत्री मिटतो न मिटतो तोच राघो म्हणाला, "या निळोबा. आज कोण कोणत्या रंगाचा हाय?" सगळे हसले. मी म्हटले, "नवा नियम आला आहे. पांढरा बंद. आता हिरवा दाखवायचा." पुढचे वाक्य माझ्या जिभेवर होते. तेवढ्यात राघो म्हणाला, "पांढरा बंद? मंग दुधाला काय हिरवं म्हणायचं?" आणि पुन्हा सगळे हसले, महादू पण हसला. महादू सहसा मोठ्याने हसत नसे. त्याचे ते हसणे मला जास्त लागले. मी म्हटले, "सांगायचे ते सांगितले. बाकीचे तुमचे तुम्ही समजा." आणि छत्री उघडून निघालो. पाठीमागून राघोची हाक आली, "आवो मास्तर, मंग हळू जायाला काय दावायचं? काळा?" मी ती ऐकली. त्या वेळी त्याने मला निळोबा म्हटले नव्हते, मास्तर म्हटले होते, हेही ऐकले. वळलो नाही. चिडलेला माणूस वळत नाही, एवढेच त्याचे कारण. वाटेत ठरवले की चार दिवसांनी पुन्हा येऊन सांगू. साहेबाला मात्र त्याच दिवशी सांगितले की सर्वांना समजावले आहे.

चार दिवसांनी मी गेलो नाही. नंतरही गेलो नाही.

श्रावणात घाटाच्या पायथ्याशी एका ओढ्यावरचा भराव पाण्याने मऊ झाला. लाल दाखवून गाडी अडवावी इतका तो वाईट नव्हता, माणसाच्या चालीने गाडी सोडली असती तर निभावले असते. मुकादमाने राघोला वरच्या अंगाला उभे केले आणि सांगितले, येणाऱ्या गाडीला हळू यायला सांग. दुपार होती, पण धुके इतके होते की झेंडी दिसली नसती, म्हणून त्याने कंदील पेटवून घेतला. वरून खडीची गाडी उतरत होती, खडीवर माणसे बसलेली. राघोने कळ फिरवून हिरवी काच पुढे आणली आणि कंदील छातीशी धरून, दोन्ही हातांनी घट्ट, अगदी स्थिर उभा राहिला. शेवाळ आहे, पाय सांभाळ, असे तो सांगत होता. ड्रायव्हर नवा नियम शिकलेला होता. त्याला दिसले, वाट मोकळी आहे. त्याने ब्रेक सैल केला.

राघोने नंतर सांगितले की गाडी समोरून गेली तेव्हा खडीवर बसलेल्या महादूने त्याला हात केला होता. पुढचे दोन डबे ओढ्यात गेले. तीन माणसे खडीखाली गेली, त्यांतला एक महादू. भाऊ वर यावा म्हणून राघोने दोन्ही हातांनी खडी उपसली. महादूचे पाय आधी लागले.

चौकशी कर्जतच्या स्टेशनात झाली. साहेब, गोरा ड्रायव्हर, मुकादम, राघो, आणि दुभाष्या मी. ड्रायव्हर म्हणाला, याने मला हिरवा दिला. साहेबाने राघोला विचारले, तू काय दाखवलेस? राघोच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तो म्हणाला, "हिरवा दिला, सायब. हळू यावी म्हणून हिरवा दिला."

मी इंग्रजीत म्हटले, तो म्हणतो की हिरवा दिला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. 'हिरवा दिला' या शब्दांचा राघोच्या तोंडचा अर्थ होता, मी सावध केले. साहेबाच्या कानात त्याच शब्दांचा अर्थ होता, मी जायला परवानगी दिली. त्या खोलीत दोन्ही अर्थ जाणणारा एकच माणूस होता. 'हळू यावी म्हणून' हे तीन शब्दांचे ओझे मला त्या दिवशी इंग्रजीत उचलता आले नाही असे नाही. मी ते उचलले नाही. ते उचलले असते तर पुढचा प्रश्न मला आला असता, की याला जुनाच अर्थ कसा माहीत, तू याला काय शिकवलेस?

साहेबाने विचारले, याला नवा नियम सांगितला होता? मी म्हटले, सांगितला होता, मी स्वतः. साहेबाने विचारले, कंदील स्थिर होता की हलवला? मी राघोला विचारले, "कंदील धरला होतास की हलवलास?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "हलवू कशाला? सण हाय का?" मी साहेबाला सांगितले, स्थिर धरला होता.

यातला एक शब्दही खोटा नाही. निळ्याच्या वेळी मी अर्थ न समजून शब्दाला शब्द ठेवला होता आणि जगात माझे हसे झाले होते. या वेळी अर्थ समजून शब्दाला शब्द ठेवला, आणि साहेब म्हणाला की तुझे भाषांतर स्वच्छ आहे. मग राघोकडे पाहून तो पुटपुटला की कंदीलही ग्रीन आणि माणूसही ग्रीन. त्यांच्या भाषेत कच्च्या, अडाणी माणसालाही ग्रीन म्हणतात. राघोने मला विचारले, "काय म्हणला?" मी म्हटले, "काही नाही."

त्याला कामावरून काढले. कंदील परत घेतला तो फलाटावर, सगळ्यांसमोर. तो द्यायला राघो नाही म्हणाला नाही, फक्त देण्याआधी सवयीने काच बंडीच्या टोकाने पुसून दिली. तेव्हा कोणी तरी मला विचारले, मास्तर, नेमके याने केले तरी काय? आणि मी म्हटले, "भावाला हिरवा दाखवला. हिरव्या." लोकांना ते आवडले. संध्याकाळपर्यंत बाजारात पोचले. मला निळोबा म्हणणे त्या दिवसापासून बंद झाले. गावाला एका वेळी एकच रंग लागतो.

महादूची बायको गंगू तेव्हा विशीत होती, लग्नातला हिरवा चुडा अजून हातात होता. तिच्या बांगड्या बायकांनी ओढ्यावर फोडल्या. तिने त्या काचा पाण्यात जाऊ दिल्या नाहीत. ओच्यात गोळा केल्या, घरी आली, आणि राघोच्या उंबऱ्यावर ओतल्या. दोन भावांची घरे एकाच अंगणात, दार दाराला लागून. "घे तुझा हिरवा," एवढेच ती म्हणाली. राघोने त्या काचा झाडल्या नाहीत आणि बायकोलाही झाडू दिल्या नाहीत. दर सारवणाला त्या थोड्या थोड्या आत बसत गेल्या आणि उंबऱ्याच्या मातीत कायमच्या रुतल्या. ऊन पडले की तेथे हिरवे चमके. गंगूने दुसरा पाट लावला नाही. त्याच अंगणात राहिली, राघोचे तोंड बघत, किंवा न बघत.

नंतर साहेबाने स्वतः घाटात जाऊन नियम पुन्हा शिकवला. तो राघोपर्यंतही पोचला. एक दिवस राघो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. दोन्ही हात मोकळे होते, काय करावे हे त्या हातांना कळत नव्हते. म्हणाला, "मास्तर, हलवायचं तुमी सांगितलं नव्हतं."

मी म्हटले, "सांगितले होते. तुझे लक्ष कुठे होते? तू हसत होतास."

मला वाटले होते तो शिव्या देईल. शिव्यांचे उत्तर मी तयार ठेवले होते. तो आठवू लागला. त्याचे आठवणे मी डोळ्यांनी पाहिले... झोपडी, चिलीम, पाऊस, हसणे. मग म्हणाला, "हसत व्हतो, ते खरं हाय." आणि गेला. गँगमधल्या इतरांना त्याने विचारले, तेव्हा तेही म्हणाले, मास्तरांनी सांगितलंच असेल, शिकलेला माणूस हाय, आपण हसत व्हतो. असे माझे न बोललेले वाक्य त्या सगळ्यांना ऐकू आलेले ठरले. मी चोरी केली ती केली, पण ज्याच्या घरी केली त्याच्याकडूनच कबूल करून घेतले की दार त्यानेच उघडे टाकले होते.

त्यानंतरची डझनभर वर्षे मी राघोला लांबूनच पाहिले. त्याने एक सवय लावून घेतली होती. शेताच्या बांधावर असो, अंगणात असो, गाडी दिसली की तो उजवा हात पुढे करी आणि सावकाश खालीवर हलवी. हळू. हळू. गावातल्या पोरांनी त्याचा खेळ केला. त्याच्या मागे रांग लावून तीही हात हलवीत आणि ओरडत, "हिरव्या, हिरव्या, भाऊ दे." तो पोरांना हाकलीत नसे. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याचे काम चाले.

कर्जतच्या बाजाराला आला की तो फलाटाच्या टोकाला उभा राही आणि माझ्याकडे पाहून तसाच हात हलवी. बोलत नसे. मला वाटे, हा मला डिवचतो आहे, चारचौघांत माझे पाप बोटाने दाखवतो आहे. म्हणून मीही हसून हात वर करी आणि ओळखीच्या माणसाला करतात तसा आडवा हलवी, म्हणजे पाहणाऱ्यांना वाटावे, जुने मास्तर आणि वेडा हिरव्या एकमेकांना रामराम करताहेत. पेन्शनीत निघाल्यावरही बाजारात भेट झाली की हेच. शेवटचे पाहिले तेव्हा तो वाळला होता, बायको मागेच गेली होती, खोकत होता. भाताच्या गाडीला टेकून त्याने हात पुढे केला आणि खालीवर हलवला, आणि मी नेहमीप्रमाणे आडवा हलवला. त्या वेळी मात्र त्याने मान वाकडी करून माझ्या हाताकडे फार वेळ पाहिले. आता वाटते, इतकी वर्षे तो मला डिवचत नव्हता. तो विचारत होता. असंच ना, मास्तर? असंच सांगितलं होतंत ना?

तो गेल्यानंतर आठवड्याने आमचे वकील जावई घरी आले होते. जेवताना मोठ्या आनंदाने म्हणाले, "मामंजी, आपल्या पुलाच्या कामाला कलेक्टरसाहेबांनी हिरवा कंदील दाखवला." शिकलेल्या लोकांत हा शब्द इंग्रजीतून नवाच आला आहे, आणि त्यात शुभ तेवढेच आहे. मी हातातला घास पानात परत ठेवला. मुलीने पाणी दिले. त्या रात्री ठरवले की राघोच्या गावी जायचे आणि गंगूला खरे सांगायचे. राघोला सांगायची वेळ मी घालवली होती, निदान त्याच्या भावजयीच्या मनातून तरी त्याला सोडवावे.

मी गेलो तेव्हा राघोचे दार बंद होते. गंगू आपल्या ओटीवर तांदूळ निवडीत होती. तिने मला ओळखले, बसायला सांगितले. मी सगळे सांगितले, वर लिहिले आहे तसे, क्रमाने. झोपडीतले अर्धे वाक्य, साहेबासमोरचे अर्धे वाक्य, आणि अंगणातले खोटे वाक्य. सांगताना मला बरे वाटत गेले, हे लपवत नाही. फोडातला पू जावा तसे. तिचा हात सुपातच थांबला होता.

ती म्हणाली, "तो मला सांगायचा, मास्तरांनी सांगितलं व्हतं, मीच हसत व्हतो. मी म्हणायची, माझ्या धन्याचा जीव जायाचा व्हता नि हा मेला हसत व्हता. भरावाचं नाय, कंदिलाचं नाय, मला त्या हसण्याचंच लई लागलं व्हतं."

तिने सुपातून हात बाहेर काढला.

"शेवटी तापात पडला तवा दोन दिस भिंतीपलीकडनं पाणी मागत व्हता. गंगे, पाणी दे गं. गंगे, पाणी दे गं." तिने बंद दाराकडे पाहिले. "मी हितंच बसली व्हती. नाय दिलं. म्हटलं, हस आता." मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने, जसे एखाद्याचे गाव विचारावे तसे, तिने विचारले, "मंग मास्तर, मी पाणी नाय दिलं ते कुणाला नाय दिलं?"

मी म्हटले, "तुझा दोष नाही, गंगू. दोष माझा. तेवढेच सांगायला आलो."

"तो हाय तोवर नाय आलात," ती म्हणाली. "आता आलात. माझ्याकडं एक माणूस व्हता शिव्या द्यायला, त्यो बी नेलात. आता हे घेऊन मी कुठं जाऊ?" तिने सूप बाजूला ठेवले, कोपऱ्यातला विळा उचलला, आणि ओटीवरून उतरून राघोच्या उंबऱ्याशी उकिडवी बसली. विळ्याच्या टोकाने ती मातीतल्या काचा एकेक करून उकरू लागली. इतक्या वर्षांच्या सारवणाने त्या दगडासारख्या बसल्या होत्या, सहज निघत नव्हत्या. एक बोटात घुसली. तिने ती ओढून काढली आणि पुढच्या काचेला विळा लावला.

मी उठून उभा राहिलो. निरोप कसा घ्यावा ते कळेना. तिने मान वर केली नाही.

"हलकं झालं ना तुमास्नी?" ती म्हणाली. "जावा मंग, मास्तर. वाट मोकळी हाय. हिरवा हाय, जावा."

मी निघालो. गावाबाहेर बांध रुळांना लागतो तेथे पोरे उभी होती, कारण घाटातून गाडी उतरल्याचा आवाज येत होता. इंजिन दिसताच त्यांनी रांगेने उजवे हात पुढे केले आणि सावकाश खालीवर हलवू लागली. ज्याच्याकडून ती हे शिकली तो आता नव्हता, पण खेळ चालूच होता. डब्यांच्या खिडक्यांतून माणसे बाहेर डोकावली, कोणी रुमाल हलवले, एका बाईने कडेवरच्या मुलाचा हात धरून हलवायला लावला. सगळ्यांना वाटले, पोरे त्यांना रामराम करताहेत. पोरांनी माझ्याकडे पाहिले, मीही हात करतो का ते. माझा हात अर्धा वर गेला. खालीवर हलवावा की आडवा, हे मला सुचेना, आणि तोपर्यंत शेवटचा डबाही समोर आला. गाडी हळू झाली नाही.